चुन्याचा क्रूस

तेपेकाल्को गावात मका चुन्याच्या पाण्यात भिजत घातल्यावाचून कोणत्याही घरचा दिवस मावळत नाही. रात्रभरात दाणे फुगतात, टरफले सुटतात, आणि सकाळी पाट्यावर वाटलेल्या त्या पिठाच्या तोर्तिया तव्यावर पडू लागतात. माक्रिना ओल्वेरा हिने गावच्या माध्यमिक शाळेत आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले, आणि दरवर्षीचा पहिला पाठ तिने चुन्याचाच घेतला. भट्टीत दगड जळतो, पाणी शिंपडले की फुलून येतो, आणि हवा खात खात सावकाश पुन्हा दगड होतो. "जो दगड होता, तो शेवटी दगडच," असे म्हणून ती खडू खाली ठेवी. "फक्त वेळ लागतो."

त्या शुक्रवारी चुन्याची बरणी स्वयंपाकघरातून निघाली, ती निराळ्या कार्यासाठी. पुढच्या खोलीत मेजावर तिची धाकटी बहीण ओतिलिया हिचा देह ठेवलेला होता. त्या मेजाखालच्या भुईवर, प्रथेप्रमाणे, चुन्याचा क्रूस रेखायचा होता. क्रूस मृताच्या उंचीचा असावा लागतो. देह पुरल्यावरही तो तसाच राहतो आणि नऊ दिवस त्याच्यापुढे प्रार्थना चालते. नवव्या संध्याकाळी क्रुसाचा धर्मपिता फुलांच्या जुडीने तो चुना गोळा करतो, पेटीत भरतो आणि थडग्यात नेऊन ठेवतो. तेव्हा कुठे आत्मा घर सोडतो.

ओतिलिया नगराध्यक्षपदासाठी उभी होती. मतदान दीड आठवड्यावर आले असताना, भर दुपारी, नदीच्या उताराच्या वाटेवर कोणी तिची गाडी अडवली आणि तिला व तिच्या चालकाला गोळ्या घालून ठार केले. नेहमीचा महामार्ग सोडून त्या वाटेने जायचे हे तिने त्याच सकाळी ठरवले होते. तिने ते पक्षाला कळवले नव्हते, पोलिसांना कळवले नव्हते, चालकालाही तो गाडीत बसल्यावरच सांगितले होते. आधी ठाऊक होते ते दोघांनाच. एक माक्रिना. दुसरा फिदेन्सियो बार्रागान, ओतिलियाच्या लेकीचा धर्मपिता.

ज्याने आपले मूल बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरले, तो आपला कोंपाद्रे; मुलाची आई त्याची कोमाद्रे. या डोंगरांत माणूस सख्ख्या भावाशी खोटे बोलेल, बायकोशी बोलेल, कबुलीच्या वेळी पाद्र्याशीही बोलेल. कोंपाद्रेशी बोलणार नाही. त्याने विचारले तर सांगावेच लागते. त्या सकाळी फिदेन्सियोने दूरध्वनीवरून विचारले होते, "कोमाद्रे, आज कुठल्या रस्त्यानं?" आणि माक्रिनाच्या देखत ओतिलियाने सांगून टाकले होते.

माक्रिना हे सर्व जाणून होती. मध्येच कोणीतरी ते बोलणे ऐकले असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. तरीही राजधानीहून तपास अधिकारी आला तेव्हा तिने ही गोष्ट त्याला सांगितली. त्याने लेखणीला टोपण लावले.

"बाई, आधी निवडणूक होऊन जाऊ द्या. आत्ता या नावाला हात घातला तर लोक म्हणतील, राजकारण केलं."

"आणि झाल्यावर?"

"झाल्यावर बघू की. पण उकाडा काय हो तुमच्याकडे! थोडं पाणी मिळेल?"

तो पाणी पिऊन गेला, तो पुन्हा आला नाही.

फिदेन्सियो मात्र रोज येत होता. रुंद खांद्यांचा, मृदू बोलणारा हा मनुष्य खरोखर रडला होता. त्यानेच सुतळीने ओतिलियाची उंची मापली, तिच्या डोक्याशी गाठ मारली, आणि काम झाल्यावर ती सुतळी दाराच्या खिळ्याला अडकवली. क्रुसाचा धर्मपिता होण्याचा मान त्याने आपण होऊन मागितला. पक्षाने ओतिलियाच्या जागी त्याचीच नेमणूक केली होती. मतपत्रिका आधीच छापून झाल्या होत्या, त्यांवर नाव तिचेच राहणार होते. परंतु तिच्या नावावर पडलेले प्रत्येक मत आता त्याचे मोजले जाणार होते.

"नाव तिचं, ओझं माझं," तो म्हणाला. "बाई, नवव्या संध्याकाळी सगळं गाव इथं असेल. तुम्ही फक्त चार शब्द बोला. ओतिलियाच्या नावावर मताची फुली मारा, एवढंच. तुमचा शब्द कोणी मोडणार नाही."

"प्रचारबंदी असते ना त्या दिवशी?"

"प्रार्थनेला कसली बंदी?"

माक्रिनाने होकारही दिला नाही, नकारही दिला नाही. बहिणीचे नाव तिच्या मारेकऱ्याच्या हाती द्यायचे की नाही, हाच तो प्रश्न होता. आणि तो असा उघड्या शब्दांत स्वतःपुढे ठेवण्याचे धैर्य तिला अद्याप होत नव्हते.

तिसऱ्या सकाळी क्रुसाचा पाय किंचित लांबल्यासारखा तिला वाटला. तिने सुतळी खिळ्यावरून काढून लावून पाहिली. बोटभर चुना गाठीच्या पलीकडे होता. कोंबडी आत शिरली असेल, असे म्हणून तिने दाराला आतून कडी घातली.

पुढल्या सकाळी त्या पायापासून एक बारीक पांढरी रेघ निघाली होती. मेणबत्त्यांच्या मधून, बाकाच्या खालून ती सरळ गेली होती आणि भिंतीकडच्या एका खुर्चीच्या पायाशी थांबली होती. प्रार्थनेच्या वेळी फिदेन्सियो त्या खुर्चीवर बसत असे. भुईवर पाऊल नव्हते, केरसुणीचा फराटा नव्हता. रेघेच्या कडा अशा स्वच्छ होत्या की जणू कोणी मिटल्या मुठीतून चुना सोडत गेले असावे. माक्रिनाने वाकून बोट लावले. चुना ऊन होता. पाणी नुकतेच शिंपडलेला चुना असा ऊन लागतो, हे तिने शेकडो मुलांना शिकवले होते. हा चुना मात्र वर्षभर बरणीत निवलेला होता.

तिने खुर्च्या हलवल्या. त्या संध्याकाळी फिदेन्सियो खिडकीपाशी बसला. सकाळी रेघ खिडकीपाशी गेली होती.

प्रार्थना सांगणारी म्हातारी, दोन्या प्रुदेन्सिया, काठीने भुई टोकरत आत आली आणि थबकली.

"कोंबडीचं काम असेल," माक्रिना म्हणाली.

"कोंबडीला कशाला बदनाम करता, बाई? कोंबडी भटकत चालते. ही बघा कशी ठरवून चाललीये."

"मग वाऱ्यानं उडालं असेल."

"असेल, असेल. आजकाल वारासुद्धा माणूस बघून बसतो."

म्हातारी हसली, पण नजर वर न उचलता. मग तिने आपले बाक ओढून रेघेवर ठेवले, आणि त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात प्रार्थना म्हटली. गावातली माणसे येत होती, गोड कॉफी पीत होती, बाकाखालून निघालेली रेघ पाहत होती, आणि पाहिल्यासारखे दाखवत नव्हती. फिदेन्सियोला पाहूनही ती अदबीने उठून जागा देत होती. रेघेवर मात्र कोणी पाय देत नव्हते.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी खोली भरून गेली. अंगणात माणसे उभी होती. झेंडूचा, मेणाचा आणि घामाचा वास एकवटला होता. फिदेन्सियोने टोपी काढून गुडघे टेकले. प्रथम डोके, मग उजवा हात, मग डावा, मग पाय. प्रत्येक भागाचे गीत संपताच फुलांच्या जुडीने तो चुना पेटीत भरत होता. रेघही निमूटपणे जुडीबरोबर आली. आता क्रुसाचे हृदय, दोन रेघा छेदतात तो मधला भाग, तेवढे उरले.

हृदय उचलले जाईना.

तो पुन्हा झाडू लागला. फुले मोडली. कोणी सुरी दिली, तर सुरीचे टोक भुईवरून घसरले. नऊ दिवसांत चुना असा घट्ट होत नाही, हे त्या खोलीत माक्रिनाइतके कोणालाच ठाऊक नव्हते. फिदेन्सियोने चिडून अंगठा दाबून तो खरवडला, आणि एकाएकी हात मागे घेतला.

हृदय सुटले होते. त्याखालची भुई ओली होती.

त्याचा उजवा अंगठा पांढराफटक पडला होता. त्याने तो विजारीला पुसला, मग टोपीत लपवला. गीत थांबले होते.

"बाई," तो हळूच म्हणाला, "चार शब्द."

माक्रिना उभी राहिली. सगळे गाव तिच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांतली निम्मी माणसे तिच्या हाताखाली शिकलेली होती.

"उताराच्या वाटेनं ती निघालीये, हे तुम्ही कोणाला सांगितलंत, फिदेन्सियो?"

खोलीत मेणबत्तीची वात तडतडली. फिदेन्सियोला उत्तर द्यावेच लागले नाही. मागच्या रांगेतल्या एकाने खुर्ची मिटली. दुसऱ्याने मिटली. बायकांनी कॉफीचे पेले गोळा करायला सुरुवात केली.

"बाई दमल्यात हो," कोणीतरी म्हणाले. "नऊ दिवस डोळ्याला डोळा नाही."

"झोपा आता, बाई. उद्या उठायचंय."

दोन्या प्रुदेन्सियाने माक्रिनाकडे एकदा पाहिले आणि डोळे मिटून शेवटचे गीत उचलले. सर्वांनी ते उचलून धरले. बहिणीच्या मृत्यूच्या दिवशीही माक्रिनाला इतके एकटे वाटले नव्हते.

जाताना फिदेन्सियोने तिला रीतीप्रमाणे आलिंगन दिले. क्रूस उचलणारा त्या घराचा आप्त होतो, तो धर्म कोणाला चुकत नाही.

"आता तुम्ही-आम्हीसुद्धा नात्यातले," तो तिच्या कानाशी म्हणाला. "कोमाद्रे."

दुसऱ्या दिवशी मतदान तिच्याच शाळेत, तिच्याच प्रयोगशाळेत होते. चिठ्ठ्या टाकून निवडलेले गावकरी केंद्र सांभाळत होते. मेणखडू सुतळीने बांधलेले होते. मत देऊन आलेल्याच्या उजव्या अंगठ्याला तपकिरी शाई लावली जात होती. ती शाई कातडीत मुरते आणि कित्येक दिवस हटत नाही.

फिदेन्सियो तिच्या पुढे होता. त्याच्या अंगठ्यावर शाई लागली, क्षणभर टिकली, आणि दुधात थेंब विरावा तशी विरली. अंगठा पांढरा राहिला.

"सरकारी माल!" तो हसला. "आता काय, दुसऱ्यांदा मत देऊ?"

सगळे हसले. शाई लावणारी मुलगी हसली नाही. तिने बाटली उजेडाकडे धरून पाहिली.

आडोशामागे माक्रिनाने मतपत्रिका उघडली. ओतिलिया ओल्वेरा. छापील, सुबक, काळ्या अक्षरांत. तिने मेणखडू उचलला. त्या नावावर फुली मारावी तर मत त्याचे; दुसऱ्या कोणाच्या नावावर मारावी तर बहिणीला दुसऱ्यांदा सोडल्यासारखे. तिने त्या नावावरून केवळ बोट फिरवले, पत्रिका कोरीच दुमडली आणि पेटीत टाकली. तिच्या अंगठ्याला शाई लागली. तपकिरी, ठसठशीत.

ती पटांगणात येऊन बाकावर बसली. लोक मत देऊन बाहेर पडत होते. औषधवाला आला, त्याचा अंगठा पांढरा होता. त्याची बायको आली, पांढरा. तिचे विद्यार्थी आले. कोणी अंगठा मुठीत मिटला होता, कोणी शालीच्या पदरात. दोन्या प्रुदेन्सिया काठी टेकत आली, आणि काठीवरचा तिचा अंगठा खडूसारखा होता.

"आम्ही ओतिलियालाच मत दिलं, बाई," म्हातारी पुटपुटली. "तिचंच नाव होतं ना तिथं."

मग तिची दृष्टी माक्रिनाच्या हाताकडे गेली. ती मागे सरली. तिच्या मागची माणसेही त्या तपकिरी अंगठ्याकडे पाहू लागली. माक्रिनाने हात पदराखाली घेतला, परंतु पाहायचे त्यांनी पाहून घेतले होते.

सूर्य कलताना निकालाचा कागद शाळेच्या दारावर चिकटवला गेला. फिदेन्सियो बार्रागान निवडून आला होता. त्याच्या मोटारीशेजारी राजधानीचा तो तपास अधिकारी उभा होता, आणि कोणीतरी त्याला थंड पाण्याचा पेला देत होते.

माक्रिना घरी आली. तिने मोरीत हात धुतले, पुन्हा धुतले. शाई हटली नाही. मग ती पुढच्या खोलीत गेली.

भुई तिने स्वतः घासून काढली होती. पेटी थडग्यात होती. बरणी रिकामी होती.

मेज होते त्या जागी चुन्याचा क्रूस होता.

दाराबाहेर पावले थांबली. अदबीने थाप पडली.

"कोमाद्रे, आहात ना घरात?" आवाज मृदू होता. "एकच विचारायचं होतं. मत कोणाला दिलंत? म्हणजे, कोंपाद्रेनं विचारलं तर सांगावं लागतं. तुम्हाला मी काय शिकवणार."

ओतिलिया परत आली असेल, एवढाच विचार माक्रिनाच्या मनात आला, आणि त्याने तिला क्षणभर धीरही दिला. तिने खिळ्यावरची सुतळी काढली, गुडघे टेकले, आणि सुतळीचे टोक क्रुसाच्या पायाशी धरून ती उलगडत नेली.

सुतळी पुरून उरली. चुना संपला तिथून गाठीपर्यंत एक वीत भुई मोकळी होती.

ओतिलिया माक्रिनापेक्षा तेवढीच उंच होती.

"कोमाद्रे?"

तिने चुन्यावर हात ठेवला. तो अजून ऊन होता.