आशाबाईंच्या विहिरीतलं पेट्रोल

दौलताबाद रस्त्यावरचा राजेंद्रशेठचा पेट्रोलपंप बंद पडला, तरी जमिनीखालच्या टाक्या तिथंच होत्या. त्यांतून पेट्रोल किती झिरपलं आणि कुठवर गेलं, याचा अंदाज काढायला मी आले होते. शेठ प्लॉट विकायच्या बेतात, त्यामुळं सकाळपासून माझ्यासाठी नारळपाणी थांबत नव्हतं.

उताराला आशाबाईंची पेरूची बाग आणि विहीर. उन्हाळ्यात मी आले तेव्हा विहिरीच्या पाण्यावर बोटभर पेट्रोल तरंगत होतं. पिऊ नका म्हणून बजावलं, तेव्हापासून त्यांच्याकडं पाण्याचे जार येतात.

या खेपेला पंपापासून विहिरीपर्यंत ओळीनं बोअर घेतले. वर मुरूम, खाली काळा खडक. प्रत्येक बोअरमध्ये नळी सोडून पेट्रोलची वाफ मोजायचं यंत्र लावलं. शून्य. पुढच्यात शून्य. टाकीला खेटून घेतलेल्यातही शून्य, आणि टाकीचा तळ तर पार चाळणी झालेला.

"म्हणलो नव्हतो, मॅडम? सगळं उडून जातं हवेत."

"खडकातून इतकं मुकाट जात नाही, शेठ. सिगारेट लांब धरा."

यंत्र त्यांच्याच गाडीच्या टाकीशी धरलं. ते कर्कश ओरडलं. म्हणजे यंत्र ठीक होतं.

विहिरीचं पाणी तळापर्यंत दिसत होतं. बादली ओढून वास घेतला. कशाचाच वास नव्हता. शेवाळाचासुद्धा नाही.

"ताई, पिता येईल का आता?" आशाबाईंनी विचारलं. "आमच्या तनुजाला सातवा लागलाय."

"तिला जारचंच देताय ना?"

त्या पदराचं टोक पिळत राहिल्या. "उलट्या लई व्हायच्या, म्हणून माहेरी आणली पोरीला. पोटात काय ठरत नव्हतं. हे पाणी तेवढं ठरलं. वासाचंच पायजे म्हणायची. डोहाळ्याला नाय कसं म्हणावं, ताई? आधी वाटीभर दिलं."

"मग?"

"मग ती आपली आपण शेंदायला लागली."

तेवढ्यात तनुजा चहा घेऊन आली. गाल भरलेले, कांती तुकतुकीत. इतकी निरोगी गरोदर बाई मी पाहिली नव्हती.

माझ्या हातातलं यंत्र ओरडायला लागलं.

शेठनी सिगारेट टाकली, पायानं चिरडली आणि चार पावलं मागं सरकले.

"विहिरीला आता चवच राहिली नाय, ताई," तनुजा कप पुढं करत म्हणाली. "तिकडं टाकीच्या बाजूला आहे का थोडं?"

मी यंत्र तिच्या तोंडाजवळ नेलं. श्वास सोडला की आकडा चढायचा, घेतला की उतरायचा.

"जरा श्वास धरून ठेव."

तिनं हसून ओठ मिटले. छाती थांबली.

आकडा चढत-उतरत राहिला. भराभर, आणि अगदी थोडा थोडा, तान्ह्या बाळाच्या श्वासासारखा.