साहेब निघाले का?

दार ओढून घे रे. आणि तो मोबाइल उलटा ठेव, तोंडावर उजेड पाडून बसलाय नुसता. गोष्ट ऐकायची तर अंधारात ऐका, नाहीतर जा झोपायला, माझी काही हरकत नाही.

हे ऐकीव नाही, आमच्या साडूभाऊंच्या बाबतीत घडलंय. तुम्ही बघितलंय त्यांना. धाकटीच्या लग्नात पंगत सोडून स्टुलावर चढून हॉलचा पंखा दुरुस्त करत होते ना, तेच. सरळ माणूस. सात जन्मात थाप मारायचे नाहीत. थाप मारायला डोकं लागतं, असं आमची मेव्हणी म्हणते.

साडूभाऊ सरकारी विद्यापीठात वायरमन. रात्रपाळीला तक्रार खोलीत बसायचे. खोली म्हणजे काय, एक टेबल, एक खुर्ची, तिचा एक पाय तोकडा म्हणून खाली वीट, आणि भिंतीवर आतल्या फोनचा बोर्ड. प्रत्येक इमारतीचा एक बारका दिवा. जिथून फोन येईल तिथला दिवा लागतो. रात्री कुठे काही फुटलं, कोसळलं, की तिथला माणूस इथे फोन करणार, साडूभाऊ इंजिनिअर साहेबांना उठवणार, आणि साहेब येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. साहेबांनी चोवीस तासांत बघितलं तर ते तातडीचं काम, पैसे लगेच सुटतात. नाही बघितलं तर साधी दुरुस्ती. आणि साधी दुरुस्ती म्हणजे नातू म्हातारा होईपर्यंत रांगेत उभं राहायचं.

आणखी एक. ज्याने खबर दिली त्याने साहेब येईपर्यंत जागा सोडायची नाही. का, तर एकदा कुठल्या वसतिगृहात पाइप फुटला, खबर देणारा घरी गेला, आणि मागे कुणा शहाण्याने कॉक बंद करून फरशीही पुसून टाकली. साहेब आले तर सगळं कोरडं ठणठणीत. काम नामंजूर. तेव्हापासून हा नियम. जायचंच असेल तर आपल्या जागी दुसरा माणूस उभा करायचा, मगच हलायचं. हे नीट लक्षात ठेवा, मला पुन्हा सांगायला लावू नका.

तर तिथे केमिस्ट्रीच्या जुन्या इमारतीवर एक रखवालदार होता. अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. घरी बायको आणि सात वर्षांची मुलगी. मुलगी म्हणजे जीव की प्राण. डबा खाताना निम्म्या गप्पा तिच्याच.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत एका शुक्रवारी रात्री पैलवानचा फोन आला. "दादा, छतातून पाणी येतंय. स्लॅब खाली वाकलाय." साडूभाऊ म्हणाले, "तिथेच थांब. साहेबांना लावतो फोन." लावला. साहेब म्हणाले, "माझी बदली झाली, मी दुपारीच चार्ज सोडला. नव्यांना सांगा." नव्यांना लावला. ते म्हणाले, "मी सोमवारी चार्ज घेणार. आज मी कोणीच नाही." आता बोला! शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ त्या अख्ख्या विद्यापीठाला साहेबच नव्हता. साडूभाऊ फोन लावत राहिले, याला, त्याला, रजिस्ट्रारला, कोणाकोणाला. तिकडून पैलवान दर थोड्या वेळाने विचारायचा, "साहेब निघाले का?"

तिसऱ्यांदा विचारलं. चौथ्यांदा फोन आला नाही.

स्लॅब खाली आला होता. अग्निशमनवाल्यांनी पैलवानला काढलं, पण काढलं ते काय... जाऊ दे. बाकीचा ढीग तसाच राहिला. कारण साहेबांनी मुदतीत बघितलं नाही, म्हणजे काम तातडीचं नाही. आणि पाहणी झाली नाही, म्हणजे मलबा हलवायचा नाही. चारी बाजूंनी पत्रे ठोकले, दोरी बांधली, झालं. त्याची टॉर्च, शिट्टी, डबा, सगळं त्या ढिगाखालीच. फोनसुद्धा.

साडूभाऊ त्यानंतर जेवायला बसले की मध्येच हात थांबायचा. मेव्हणी विचारायची, काय झालं? म्हणायचे, "मीच त्याला थांब म्हणालो." ती म्हणायची, अहो, नियमच तो, तुम्ही काय करणार. ते म्हणायचे, "तेच तर."

मग आली गेल्या वर्षीची एकोणीस सप्टेंबर. शुक्रवार. पाऊस नव्हता, वारा नव्हता, आभाळ स्वच्छ. मुलींच्या वसतिगृहाची पाण्याची मोटर बंद पडली म्हणून साडूभाऊ सायकल काढून गेले. फ्यूज उडाला होता, घातला, मोटर सुरू झाली. परत येताना जुन्या केमिस्ट्रीवरून आले. पत्र्यांच्या आतून टप... टप... आवाज येत होता. म्हटलं, साठलेलं पाणी असेल. चार दिवस पावसाचा थेंब नाही, हे खोलीत येऊन बसल्यावर आठवलं.

एक वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला.

साडूभाऊंनी सवयीने आधी बोर्डाकडे बघितलं. केमिस्ट्री, जुनी इमारत. तो दिवा लागला होता. स्लॅब पडल्यावर त्या दिव्याची वायर त्यांनी स्वतःच्या हातांनी कापली होती. दोन टोकं बोर्डाखाली लोंबत होती, दिसत होती.

त्यांनी उचलला. आपण नसता उचलला. पण ज्याचा जन्म फोन उचलण्यात गेला, त्याचा हात थांबतो होय?

आधी नुसतं पाणी. टप... टप...

मग, "दादा, साहेब निघाले का?"

साडूभाऊंनी पुन्हा त्या लोंबत्या वायरकडे बघितलं.

"दादा? पाणी वाढलंय. पण मी हललो नाही. तुम्ही थांब म्हणालात ना."

"पैलवान..."

"हां, बोला."

"पैलवान, तू... जा आता. जागा सोड. मी सांगतो."

मग तो हळूच म्हणाला, अगदी समजूत घातल्यासारखा, "तुम्हाला तो अधिकार नाही ना, दादा."

खरंच होतं ते. वायरमनला कसला अधिकार? साडूभाऊंनी दुसऱ्या फोनवरून नव्या साहेबांना उठवलं. सांगितलं, जुन्या केमिस्ट्रीवरून खबर आहे. साहेब झोपेत म्हणाले, "कोणाची?" साडूभाऊ म्हणाले, "पैलवानची." साहेब म्हणाले, "उद्या लेखी द्या," आणि ठेवला.

हसू नका रे. मीही हसलो होतो ऐकताना, नंतर लाज वाटली.

पहिला फोन अजून चालूच होता. "आले नाहीत ना?" पैलवान म्हणाला. रागाने नाही. तेच वाईट. रागावला असता तर बरं झालं असतं. "दादा, एक विचारू? तुम्ही पाच मिनिटं माझ्या जागी उभे राहाल? घरी जाऊन येतो. पोरगी वाट बघत असेल. सांगूनही आलो नाही तिला काही."

साडूभाऊंनी फोन ठेवला आणि सायकलही न घेता चालत निघाले.

भीती वाटली नाही का, मी विचारलं त्यांना. म्हणाले, वाटली की, पण दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दोरी ओलांडली. पत्रा सरकवला. आत गेले.

वर आभाळ. चांदण्या. छत नाहीच.

आणि तरी वरून पाणी गळत होतं.

ढिगाशेजारी एक जागा. दोन पावलांएवढी. तेवढीच ओली.

"मी आलो," साडूभाऊ म्हणाले.

ते त्या जागेवर उभे राहिले.

पाणी डोक्यावर पडायला लागलं. गार. मग अंगाला घासून कोणीतरी गेल्यासारखं... रबरी बुटांचा आवाज. फच्. फच्. पत्र्यापर्यंत. पत्रा वाजला.

मग काहीच नाही.

साडूभाऊ उभे. हलायचं म्हटलं तर पाय उचलेना. कोणी धरलेला नाही, बरं का. पण उचलेना. पाच मिनिटं गेली. तासही गेला असेल. वर बघायचा धीर नाही. वर चांदण्या होत्या, आणि चांदण्यांच्या खाली काहीतरी... वाकत होतं. दिसत नव्हतं. वाकतंय एवढं कळत होतं. कुरकुरत होतं. त्यांना आपली माणसं आठवली. ओरडावंसं वाटलं, पण ओरडून सांगणार कोणाला? खबर द्यायची ती तक्रार खोलीत. आणि तक्रार खोलीत तर कोणीच नाही.

तेव्हा त्यांना कळलं, पैलवानला त्या रात्री काय वाटलं असेल ते.

उजाडायच्या थोडं आधी पत्रा वाजला. फच्. फच्.

"आलो, दादा. निघा तुम्ही."

साडूभाऊ रडायला लागले. "अरे, परत कशाला आलास? जा की! मी थांबतो. तू जा."

"तुमच्याही घरी वाट बघतात." मग म्हणाला, "साहेबांनी बघितलं नाही ना अजून..."

आणि साडूभाऊंचे पाय सुटले.

दिवस उगवल्यावर माळ्याला ते पत्र्याबाहेर बसलेले सापडले. चार दिवस पाऊस नाही, आणि हा माणूस नखशिखांत भिजलेला. त्यांनी घरी जायच्या आधी साहेबांचं घर गाठलं. पाया पडले. "एकदा या. नुसतं बघा. बाकी काही करू नका." साहेब तसे वाईट नाहीत. त्यांनी चहा दिला, टॉवेल दिला. पण म्हणाले, "मुदत गेलेल्या जागेची मी पाहणी केली तर ती माझ्या अंगावर येते. वरून हुकूम आला तर येतो." हुकूम अजून आलेला नाही. साडूभाऊ रोज विचारतात, रोज तेच उत्तर. पत्रेही तसेच आहेत.

तिथून ते पैलवानच्या घरी गेले. त्याची बायको दारातच उभी होती, चेहरा पांढराफटक. काही विचारायच्या आत ती आत घेऊन गेली. दारापासून पोरीच्या अंथरुणापर्यंत मोठमोठ्या बुटांचे ओले ठसे. पोरगी उठून बसली होती. म्हणाली, "बाबा आले होते. माझं पांघरूण नीट केलं. म्हणाले, साहेब आले की मग राहायलाच येतो."

तिच्या उशाशी टॉर्च होती. पैलवानची. काचेला तडा, दांड्याला त्यानेच गुंडाळलेली लाल पट्टी. जी त्या ढिगाखाली आहे, जो ढीग कोणी हलवलेला नाही, ती.

पोरगी कोणाला हात लावू देत नाही. खाली फडकं घालून उशाशीच ठेवते. मी परवा साडूभाऊंबरोबर गेलो होतो. बाहेर रखरखीत ऊन. आई अंगणात ते फडकं पिळत होती. म्हणाली, रोज सकाळी पिळावं लागतं.