लाल ठिपक्यांचा खांदपट्टा

सासू गेल्यापासून फेम्मी चर्चला काळ्यातच जात होती. त्या डच खेड्यात बाईच्या कपड्यांवरून तिच्या घरातलं मरण कळायचं. सुतकात खांद्यांवरून छातीवर येणारा खांदपट्टा काळा, सुतक फिटलं की लाल. आज फिटलं होतं. खळ घालून कडक केलेला लाल ठिपक्यांचा खांदपट्टा तिने छातीवर नीट बसवला आणि आरशासमोर जरा जास्तच रेंगाळली.

अंथरुणातून खोकत तिचा नवरा रूलोफ म्हणाला, "पुरे की आता! देवाला भेटायला निघालीस की पाद्र्याला?"

"तू कशाला जळतोस? झोप गुपचूप."

कालव्याकाठी धुकं होतं, ओल्या गवताचा वास येत होता. नटवेपणा पाप आहे, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. तरी सुख वाटायचं ते वाटतच होतं.

चर्चमध्ये बायकांच्या बाजूला शेजारची मर्गीन सरकून बसली. तिने फेम्मीचा हात हातात घेतला.

"कधी गं...?"

"काय कधी?"

"सासूचं सुतक फिटलं, तरी पुन्हा काळा घातलास... आम्हाला कळलंसुद्धा नाही."

फेम्मीने खाली पाहिलं. लालभडक!

"डोळे तपासून घे, बाई," ती हसू दाबत पुटपुटली.

पण पुढच्या बाकावरच्या बायका एकेक करून वळल्या आणि विधवेपुढे झुकवतात तशा माना झुकवून पुन्हा समोर पाहू लागल्या. नटणाऱ्या बायकांना झोडपणारा पाद्रीसुद्धा तिच्याकडे दयेने पाहत होता. तिची भावंडं, त्यांची मुलंबाळं, सगळी समोर बसलेली होती. घरी एकटा रूलोफ होता. प्रार्थना अर्धी टाकून ती उठली.

रूलोफ टेबलाशी कॉफी पीत बसला होता. खोकला पार थांबला होता. तिने त्याच्या कपाळाला हात लावला. कोमट, रोजच्यासारखं.

"हा रंग कोणता रे?"

"लाल! आंधळी झालीस का?" मग तो जरा लाजला. "आणि... शोभतो तुला."

एवढ्या संसारात तो असं कधी बोलला नव्हता. फेम्मीला रडूच आलं. तिने पावाला जाड लोणी लावलं, त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि दोघं खात बसली. इतकं भरून आलेलं सुख तिला आठवत नव्हतं.

बाहेर वाटेवर बऱ्याच पावलांचा आवाज आला. रूलोफ खिडकीशी वाकला.

"बघ तरी! सगळ्या बायका आपल्याकडेच येताहेत. आणि झाडून सगळ्या लालात! लग्नबिग्न आहे का कुणाचं?"

फेम्मीने पाहिलं. घरी जाऊन, कपडे बदलून त्या आल्या होत्या. मेलेल्याला आंघोळ घालायला शेजारणी न बोलावता येतात, तशा. सगळ्या काळ्यात. पुढे मर्गीन, हातात घडी घातलेली पांढरी चादर.

"उघड ना दार," रूलोफ खुशीत म्हणाला. "कॉफी पुरेल ना सगळ्यांना?"