शहाण्णव अंश

दुकानाचा जिना अरुंद होता आणि मधल्या वळणावर ती दम खात उभी होती. छातीशी काहीतरी जड धरलेलं, बदकांच्या छापाच्या रजईत गुंडाळलेलं. वरून उतरणारा तरुण थबकला, भिंतीला चिकटून त्याने वाट करून दिली आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "झोपलंय?"

"नाही," ती म्हणाली. "बंद पडलंय."

त्याने रजईत डोकावून पाहिलं. आत कॉम्प्युटरचा काळा डबा होता. तो हसला नाही. "द्या इकडे," म्हणाला, आणि उतरलेला जिना परत चढला.

ही सोमवारची दुपार. दुकानात त्याला सगळे थंडोबा म्हणत. तापलेली मशीनं गार करणं हे त्याचं काम, हे एक कारण. दुसरं कारण त्याचा चेहरा. समोर गिऱ्हाईक कितीही ओरडो, त्या चेहऱ्यावर काही हलत नसे.

तिने सगळं एका दमात सांगितलं. ती कार्टून बनवते. एका आळशी मुंगीची चार मिनिटांची फिल्म एका स्टुडिओला शुक्रवारी दुपारी बाराच्या आत पाठवायची आहे. पसंत पडली तर पूर्ण मालिका तिची. चित्रं तयार आहेत, मशीनने ती एकेक करून पक्की करायची, त्याला पन्नास तास लागतात. म्हणून तिने महागातला प्रोसेसर घेतला, एक बटण दाबून त्याचा वेग ताणला, आणि चाळीस मिनिटांत…

"बसला," तो म्हणाला.

"बसला."

"प्रोसेसर गार ठेवणारा हा कूलर लहान आहे. मोठा लावू. पण पन्नास तासांत होतंय तर ताणायचं कशाला?"

"चूक निघाली तर परत काढायला वेळ नको?"

"मग पायरीपायरीने ताणू. एक पायरी वाढवायची, तासभर चाचणी घ्यायची, टिकला तर पुढची. उद्या घरी येतो. मशीन जिथे राहणार तिथेच तपासायचं असतं."

"तुम्ही कधी घाई करता का हो?"

"केली होती एकदा."

"मग?"

"धूर निघाला."

मंगळवारी तो पिशवी घेऊन आला. ती भाऊ-वहिनींकडे राहत होती. तिचं टेबल त्यांच्या मागच्या खोलीत, आणि टेबलाला लागून ठमीचा पाळणा. ठमी म्हणजे भाची, वय अकरा महिने. तिच्या दुपारच्या झोपेवर सगळं घर चालायचं. त्याने चपला दाराबाहेरच काढल्या, स्क्रू काढतानाही प्रत्येक स्क्रू तळहातात झेलला, आवाज होऊ नये म्हणून. वहिनीने ते पाहिलं आणि काही बोलली नाही. म्हणजे दखल घेतली.

प्रोसेसरच्या पाठीवर त्याने उष्णता कूलरकडे नेणाऱ्या राखाडी पेस्टचा मटाराएवढा ठिपका ठेवला. तेवढ्यात ठमी कुरकुरली. आत्यानेच ठमीला उचललं, खांद्यावर घेतलं आणि थोपटत खोलीत फेऱ्या मारायला लागली. खिडकी ते दार, दार ते खिडकी. त्याने कूलर बसवला, स्क्रू आवळले, चाचणी लावली.

सहा मिनिटांत पंखे गरजायला लागले. पडद्यावर आकडा चढत गेला. ब्याऐंशी, नव्वद, शहाण्णव अंश. ठमीने भोकाड पसरलं.

दारात वहिनी येऊन उभी राहिली. "वन्सं, विमान उतरवताय का घरात?" एरवी ती नणंदेला नावाने हाक मारायची. वन्सं फक्त टोमण्यापुरतं.

"एवढ्याला एवढं तापायला नको," तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत त्याने विजेचा दाब कमी केला, पंख्यांच्या दिशा बदलल्या, टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. वेग मूळ पायरीवर आणला. तरी शहाण्णव. इतक्या तापावर प्रोसेसर स्वतःच हातपाय गाळतो, चित्रं निघतात ती मुंगीच्या पावलांनी.

"मुंगीच्याच," ती म्हणाली. "तीही आळशी."

या वेळी तो हसला… किंचित. तिने ते पाहिलं, आणि पाहिल्याचं त्याने पाहिलं. मग दोघंही पडद्याकडे बघायला लागले. पडद्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

बुधवारी सकाळी तो पुन्हा आला. पुन्हा शहाण्णव. ती आता विनोद करत नव्हती. बोटांवर तास मोजत होती. तीनच्या सुमाराला ठमीचं दूध गरम करायला ती स्वयंपाकघरात गेली, तेव्हा पेस्ट बदलून पाहावी म्हणून त्याने कूलर उपसला.

कूलरच्या तांब्याच्या तळावर एक पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद होता. पेस्ट सगळी त्या कागदाला फासलेली. कागदाच्या कडेला लाल अक्षरांत सूचना होती, की बसवण्याआधी हा काढावा.

नऊ वर्षांत त्याने असे शेकडो कूलर बसवले होते. हा कागद विसरणाऱ्यांची दुकानात टिंगल व्हायची.

खोलीत कुणी नव्हतं. ठमी होती, पण ती साक्ष देणाऱ्यातली नव्हती. त्याने कागद सोलला, तळ पुसला, नवी पेस्ट लावली, कूलर बसवला. वेग तीन पायऱ्या वर नेऊन चाचणी सुरू केली. आकडा चौऱ्याहत्तरवर गेला आणि तिथेच राहिला. पंखे जेमतेम कुजबुजत होते.

ती बाटली हलवत आत आली आणि पडद्याकडे बघून थांबली. "चौऱ्याहत्तर? अहो, केलंत काय तुम्ही?"

कागद खिशात गेला असता तर कुणाला कळलं नसतं. त्याने तो तिच्यापुढे धरला.

"हा काढायचा राहिला होता. माझ्याकडून. काल."

तिला समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे मशीन कालच ठीक होतं."

"हो."

"काल सुरू केलं असतं तर न ताणताही उद्या संध्याकाळी संपलं असतं."

"हो."

तिने घड्याळ पाहिलं. सव्वातीन. आता पन्नास तास म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ. ताणलं तर चव्वेचाळीस.

"तुला कळतंय का तू काय केलंस?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आणि वर मला सांगतोयस? लपवलं असतंस तर निदान मी खूश तरी राहिले असते."

एव्हाना दारात येऊन उभ्या राहिलेल्या वहिनीने मान वर केली. तीन दिवस अहो-जाहो चालू होतं. विसरलेला कागद आत्ता निघाला होता, पण 'अहो' कधी गळून पडलं हे वहिनीखेरीज फक्त एकाच्या लक्षात आलं होतं, आणि त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता.

"चाचणी अजून पाऊणएक तास चालायला हवी," तो म्हणाला. "तेवढा वेळ तुमच्याकडे नाही."

"मग?"

"चाचणी थांबवायची आणि फिल्म लावायची." हे वाक्य त्याने आजवर कुणाला म्हटलं नव्हतं. "सव्वाअकरापर्यंत संपेल. टिकला तर."

"आणि नाही टिकला?"

"मला फोन करा."

"जा तू आता," ती म्हणाली.

तो गेला.

फोन मात्र त्यानेच केला, त्या संध्याकाळी.

"किती?"

"चौऱ्याहत्तर."

"बरं." आणि फोन बंद.

गुरुवारी सकाळी, "किती?" "शहात्तर." दुपारी खोली तापली तेव्हा तिने न विचारता सांगितलं, "त्र्याऐंशी."

"डब्याचं बाजूचं झाकण उघडा. समोर टेबलफॅन लावा."

"टेबलफॅन ठमीचा आहे."

वहिनीने सगळं ऐकलं होतं. तिने ठमीला काखेत घेतलं, पाळणा बाहेरच्या खोलीत ओढून नेला आणि पंखा आणून डब्यासमोर आदळला. "घे. माझ्या लेकीची हवा खातोय तुझा प्रोसेसर. मालिका मिळाली तर मुंगीचं नाव ठमी ठेव."

"अठ्ठ्याहत्तर," ती थोड्या वेळाने फोनवर म्हणाली.

"बरं." या वेळी फोन लगेच बंद झाला नाही. तिनेही ठेवला नाही. असं अर्धं मिनिट गेलं असेल… मग ठमी रडली.

शुक्रवारी अकरा वाजून बावीस मिनिटांनी शेवटचं चित्र पडद्यावर आलं. मुंगी पानावर आडवी झाली. आवाज आधीच तयार होता. पावणेबाराला फिल्म गेली, बाराला दहा कमी असताना स्टुडिओचं उत्तर आलं. मिळाली, एवढंच. मालिकेचं कळायला पुढे तीन आठवडे लागले, आणि ती मिळाली.

साडेबाराला दार वाजलं. वहिनीने उघडलं.

"आज पिशवी नाही?"

"नाही."

"मशीन ठीक आहे."

"माहितीये."

"मग काय तपासायला आलात?"

त्याने चपला दाराबाहेर काढल्या. वहिनीने त्याला आत घेतलं, ठमीला उचललं आणि दूध उतू जातंय असं म्हणून निघून गेली. गॅसवर काहीच नव्हतं.

ती टेबलाशी बसली होती. डोळे लाल, केस कसेबसे बांधलेले. "वेळेत गेली," ती म्हणाली. "त्या दिवशी मी जास्तच बोलले. तुम्ही खरं सांगितलंत, ते…"

"कागद का राहिला, ते सांगायचंय," तो म्हणाला.

"का?"

"तुम्ही तिला घेऊन फेऱ्या मारत होता. दर फेरीला मी म्हणत होतो, आता दाराशी गेल्या की कागद काढू. मग तुम्ही खिडकीशी यायचात."

पंखे बंद होते. खोलीत आता इतकं शांत होतं की स्वयंपाकघरात वहिनी मुद्दाम भांडी वाजवतेय हे स्पष्ट ऐकू येत होतं.

"म्हणजे चूक माझी," ती म्हणाली.

"नाही. चूक माझीच. फक्त… बुधवारी तुम्ही मला तू म्हणालात."

"रागात होते मी."

"माहितीये. राग गेला असेल तर जाऊ दे. 'तू' तेवढं राहू दे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, त्याच्या. चेहरा तसाच, गार.

"एकट्यानेच कशाला?" ती म्हणाली. "तूही म्हण की."

मग तो एकदाचा म्हणाला, "तू संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येणार आहात का?"

स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

ती खाली मान घालून हसत होती. हसू आवरल्यावर म्हणाली, "येणार आहे. सहाला ये."