चनमल्लप्पांनी दिलेलं पुस्तक

डायलिसिसच्या चार खाटांवर मंगळवार, गुरुवार, शनिवार तीच चार माणसं यायची. एकदा मशीन लागलं की चार तास हलायची सोय नाही. म्हणून भवानी पेठेतल्या कापडवाल्या चनमल्लप्पांनी रीतच पाडली होती: सध्या काय वाचतोय ते प्रत्येकानं सांगायचं. कुणी रहस्यकथा सांगे, कुणी ज्वारीच्या वाणांची माहिती-पुस्तिका. वैजयंतीचा नवरा शिवराज तेवढा भिंतीकडं तोंड करून पडायचा. मंगळवेढ्याचा धिप्पाड गडी, पण पार खचला होता. "आता बास. पुढच्या खेपेला मी येणार न्हाय," असं त्यानं तिला दोनदा बजावलं होतं.

एका शनिवारी चनमल्लप्पांनी खाकी कव्हरचं पुस्तक मिटलं, हसून हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि पुस्तक शिवराजच्या हातात दिलं.

"संपलं बघ माझं. लई झकास हाय. तू घे."

मंगळवारी त्यांची खाट रिकामी होती.

शिवराज मात्र पुस्तकाला असा चिकटला म्हणता! स्वतःशीच हसायचा, मांडीवर थाप मारायचा. घरी दीड भाकरी खाऊ लागला. एसटीच्या वेळेआधीच चपला घालून दारात उभा! वैजयंतीनं सिद्धेश्वराला नारळ फोडला.

मग एकदा मशीनवर त्याचा डोळा लागला, तेव्हा तिनं ते उघडून पाहिलं. सगळी गोल गोल कानडी अक्षरं. आणि शिवराजला तर कानडीतलं एक अक्षर येत नव्हतं.

नर्स महेश्वरी अक्कलकोटची. तिनं पान डोळ्यांजवळ धरलं.

"अक्षरं कानडीच हायत की वैनी. पण वाक्य लागंना." मग हळूच म्हणाली, "चनमल्लप्पांना हे आधी इथं येणाऱ्या सुंदरम्मांनी दिलेलं. त्यांचं वाचून संपलं म्हणून."

"त्या कुटं असतात?"

"पुस्तक दिलं त्याच आठवड्यात गेल्या."

वैजयंती पुस्तक घेऊन खाटेशी परतली. काढून घ्यावं, तर माणूस पुन्हा भिंतीकडं तोंड करणार. ठेवावं, तर दहा-बारा पानं उरलेली. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि शेवटचं पान टरकन फाडून कमरेला खोचलं. वाचा म्हणावं किती वाचायचं ते, संपणार तर नाही!

शनिवारी शिवराज चरफडला. "आयला, शेवटचं पान कुणीतरी फाडलंय की!" मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला.

मंगळवार गेला, गुरुवार गेला. शिवराज ठणठणीत.

शुक्रवारी दुपारी तिनं ते पान जाळायला गॅस पेटवला. नजर सहज पहिल्या ओळीवर गेली.

अक्षरं तशीच होती, गोल गोल.

दुसऱ्या ओळीला तिला हसू फुटलं.

"काय गं, एकटीच काय हसतीस?" बाहेरून शिवराजनं विचारलं.

"काय न्हाय ओ."

तिनं गॅस बंद केला. खाली बसली. पान उलटलं.

मागं चारच ओळी होत्या.