शेवटच्या गाण्यानंतरचा आवाज

“एक्स्क्यूज मी... तू आत्ता फोनवर मराठी बोललीस ना?”

कार्डिफमधल्या त्या काचेच्या छताच्या आर्केडमध्ये मी जुन्या रेकॉर्डच्या दुकानात शिरले होते, ती केवळ बाहेरचं धुकं चुकवायला. वळून पाहिलं. माझ्याच वयाचा एक तरुण, हातात हेडफोन, आणि चेहरा असा की कोणीतरी त्यावरचा रंग नुकताच पुसून नेला असावा.

“हे ऐक. प्लीज. मग सांग, कोण बोलतो.”

“अनोळखी माणसाच्या हातून काही घेऊ नये, असं आईने शिकवलंय मला.”

“ते खायचं. ऐकायचं नाही.”

मला हसू आलं, आणि हसता हसताच मी हेडफोन कानांवर चढवला.

एका जपानी बँडचं शेवटचं गाणं सरत होतं. गिटार मागे हटत गेली, ढोल विरला. मग शांतता. मी इथल्या सरकारी रुग्णालयात लोकांच्या श्रवणचाचण्या घेते. शांततेलाही पोत असतो, हे मला ठाऊक आहे. ही शांतता ओल्या लोकरीसारखी होती. आणि तिच्या आतून, अगदी कानाच्या पाळीपाशी, एका मुलीची कुजबुज आली –

येते... येते... येते...

मी हेडफोन काढला.

“काय म्हणते ती?” त्याने विचारलं.

“येते.”

त्याने काउंटरची कड घट्ट धरली. “मग मी वेडा नाही,” तो पुटपुटला.

त्याचं नाव साकेत. जन्म, शाळा सगळं लंडनच्या हॅरोत. नोकरी कार्डिफ कौन्सिलमध्ये. आर्केडमधल्याच कॅफेत, निवत चाललेल्या चहावर, त्याने सांगितलं की ती सीडी विकायला तो दुकानात आला होता. मालकाने तपासायला म्हणून ती लावली, आणि...

“ती माझा बहीणची सीडी आहे.”

“माझ्या बहिणीची.”

“पण मी मुलगा आहे ना? मग माझा.”

“बोलणारा मुलगा असला तरी बहीण मुलगीच राहते, साकेत.”

“व्हेरी अनफेअर लँग्वेज,” तो म्हणाला.

त्याच्या थोरल्या बहिणीचं नाव पूर्वी. ‘मिझुइरो तोदाई’ हा तिचा लाडका बँड. नावाचा अर्थ, पाण्याच्या रंगाचं दीपगृह. बँडने बंद होण्याआधी आपली सगळी गाजलेली गाणी एका अल्बममध्ये गुंफली आणि रसिकांचा निरोप घेतला. पूर्वीने ती सीडी थेट तोक्योहून मागवली होती. तिच्या पारायणांनी सीडी पार ओरखडली गेली. त्याच शरदात ती सायकल घेऊन घराबाहेर पडली. रस्ता ओला होता...

“आई नेहमी ओरडायची, ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं. आम्ही मुद्दाम ‘जाते’ म्हणायचो. मी पण ‘जाते’!” तो हसला, ते हसणं ओठांच्या पुढे गेलं नाही. “त्या दिवशी पूर्वी बरोबर बोलली. फर्स्ट टाइम. ‘येते.’ आणि आली नाही.”

काही माणसं दुःख सांगत नाहीत. ती आपल्याला त्यांच्या दुःखात उभं राहायला जागा करून देतात. मी उभी राहिले.

त्यानंतरचे रविवार मी उपसागराकाठच्या त्याच्या फ्लॅटमध्ये घालवू लागले. भर दुपारी खिडकीबाहेर फक्त धुकं असे, आणि धुक्यात न दिसणारे सीगल रडत असत. तो सीडी लावी. आम्ही शेजारी बसून ऐकत असू. गाणी संपत, शांतता उतरे, आणि ती कुजबुज सुरू होई. एकदा त्याच क्षणी दारावरच्या पत्रपेटीची झडप उचलली गेली आणि हलकेच मिटली. वारा असेल. आम्ही दोघांनी त्या वाऱ्याकडे वळून पाहिलं; तिचं नाव मात्र घेतलं नाही.

“तू दाराला कुलूप का लावत नाहीस?” मी एकदा विचारलं.

“ती चावी नेली नाही ना,” तो सहज म्हणाला.

माझ्या पाठीतून थंड पाण्याची रेघ उतरली. तरीही पुढच्या रविवारी मी गेलेच.

“तुझे कान छान आहेत, आसावरी.”

“कानांची स्तुती कुणी करतं का?”

“डोळ्यांची सगळे करतात. मला क्यूत उभं राहायला आवडत नाही.”

मी लाजले... आणि त्याच क्षणी मला मत्सर वाटला, एका मृत मुलीचा. कारण त्याची नजर खरोखरच माझ्या कानांवर थांबलेली असे. मी त्याला हवी होते, की केवळ एक साक्षीदार हवा होता?

मग त्याने ठरवलं: येत्या शनिवारी हॅरोला जायचं आणि आईला तो आवाज ऐकवायचा. “तू पण चल. माझं ऐकून आई घाबरेल. तुझं ऐकलं तर विश्वास ठेवेल.”

मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात माझ्याकडे चाचणीसाठी एक जपानी मुलगी आली. आवाजबंद खोलीत एकटीने जायचं होतं. उंबऱ्यावर थांबून ती आईकडे वळली आणि गंभीरपणे म्हणाली, “इत्ते किमास!”

माझ्या हातातली चाचणीची कळ निसटली.

“काय म्हणाली ती?” मी तिच्या आईला विचारलं.

“घरातून निघताना म्हणतो आम्ही. जाऊन येते.” ती कौतुकाने हसली. “या खोलीत जाणं म्हणजेही तिला घराबाहेर पडणंच वाटतंय.”

इत्ते... इत्ते... ओरखड्यावर अडकलेली सीडी. रसिकांचा निरोप घेताना गायिका ‘जाऊन येते’ म्हणत होती, आणि यंत्र तिला पहिल्या शब्दापुढे सरकू देत नव्हतं. साकेतने आधी मराठीचं नाव काढलं, मग आवाज ऐकवला. काय ऐकायचं हे आधी कळलं की कान तेच ऐकतो. हे मी रोज रुग्णांना समजावते.

आता मी काय करू? गप्प राहिले, तर एक आई आयुष्यभर दार उघडं ठेवून बसेल. बोलले, तर पूर्वी त्याच्यासाठी दुसऱ्यांदा जाईल, आणि यावेळी तिला घालवणारी मी असेन. मग मला तरी तो का थांबवून घेईल?

शनिवारी सकाळी स्टेशनच्या फलाटावर धुकं आमच्याआधी येऊन उभं होतं. वेल्श आणि मग इंग्रजी घोषणा त्यात बुडून जात होत्या. साकेतने सीडी कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवली होती.

“साकेत... ती पूर्वी नाहीये.”

मी सगळं सांगितलं. छोट्या मुलीचं, तिच्या आईचं, अडकलेल्या शब्दाचं. तो रुळांकडे पाहत राहिला. इतका वेळ, की त्याच्या पापण्यांवर धुक्याचे थेंब जमले.

“हे गाडी सुटल्यावर का नाही सांगितलंस?” शेवटी तो म्हणाला. आवाज खरवडलेला.

“तेव्हा तुला माझ्यापासून दूर जाता आलं नसतं. ते बरोबर नव्हतं.”

“आणि आता मी गेलो तर?”

“तर मी... मला काही दिवस नीट ऐकूच येणार नाही. माझे कान तुझ्या पावलांकडेच राहतील. मला तू आवडतोस, साकेत. तिच्या आवाजाशिवायही. तुझ्याकडे यायला मला दुसरी कुठलीही सबब उरलेली नाही.”

लंडनच्या पॅडिंग्टनला जाणारी गाडी धुक्यातून, जणू स्वतःलाच आठवत आठवत, बाहेर आली. दारं उघडली.

“आईला मी प्रॉमिस केलंय, काहीतरी घेऊन येतो,” तो म्हणाला. “आता काय सांगू तिला?”

“खरं सांग.”

“खरं म्हणजे...” त्याने पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि ते पाहणं इतकं सरळ होतं की मला रडू फुटलं. “खरं म्हणजे, मी माझी मुलगी घेऊन येतोय.”

“अरे! ‘माझी मुलगी’ म्हणजे डॉटर!”

“पण ‘माझी’ बरोबर आहे ना?”

“‘माझी’... अगदी बरोबर आहे.”

त्याने माझा हात धरला.

गाडीत तुडुंब गर्दी होती. मधल्या टेबलापाशी आम्हाला शेजारी शेजारी दोन जागा मिळाल्या. समोर एक धिप्पाड गृहस्थ डुलकी घेत होते. त्यांच्या शेजारची, खिडकीजवळची जागा रिकामी होती; तिथे मी माझी पिशवी ठेवली. बाजूच्या वाटेत माणसं दाटीवाटीने उभी होती, न्यूपोर्टला आणखी चढली, ब्रिस्टलला आणखी. पण ती जागा मोकळी आहे का, असं कुणीच विचारलं नाही. एका बाईने त्या जागेकडे पाहिलं, किंचित हसून मान लववली, जशी बसलेल्या माणसाला लववावी, आणि पुढे निघून गेली.

साकेतची बोटं माझ्या बोटांत घट्ट झाली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

त्या जागेवर मी ठेवलेली माझी पिशवी मी अलगद उचलली, आणि मांडीवर घेतली.