हयातीपर्यंत

निवृत्त होऊन दोन महिने झाले तरी तिची बोटं सकाळी दहा वाजता पेन्सिल शोधायला लागत. एकतीस वर्षं मोजणी खात्यात नकाशे आखण्यात गेलेली. रेघ केसभर सरकली तरी कागद बाजूला टाकून पुन्हा बसायची, म्हणून ऑफिसात सगळे तिला पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं तर आवडतही होतं. लग्न केलं नव्हतं, भावंड नव्हतं. आई गेल्यापासून तीन खोल्यांत ती एकटीच.

आईला माहेर असं नव्हतंच. तीन वर्षांची असताना तिला दत्तक दिलं आणि मागचं दार कायमचं लागलं. जायच्या दोन दिवस आधी ती म्हणाली होती, "मी कुणाची, एवढं तरी कळायला हवं होतं गं."

दत्तकपत्रावर जन्मदात्याचं नाव होतं आणि एका घराचा नंबर. फूटपट्टीला तेवढं पुष्कळ झालं. माणसं पुसली जातात, पण घर ज्याच्या ज्याच्या हातातून जातं, त्याचा कागद मागे राहतो.

जुन्या दस्तांच्या खोलीत ती सहा दिवस बसली. तिथला दप्तरदार नाकाला रुमाल बांधून गठ्ठे काढून द्यायचा. सातव्या दिवशी तिच्यासमोर पाच कागद होते. पहिला एकशे साठ वर्षांपूर्वीचा, शेवटचा बावीस वर्षांपूर्वीचा. पहिल्यात आईच्या खापरपणजोबांनी घर मुलाच्या नावे करताना लिहिलं होतं: 'वरच्या मजल्यावरील पूर्वेची खोली माझ्या थोरल्या बहिणीची. तिच्या हयातीपर्यंत तिला मर्जीविरुद्ध कोणीही उठवू नये.'

पुढे घर वाटणीत गेलं, मग विकलं गेलं, परक्यांनी परक्यांना विकलं. ते वाक्य मात्र पाचही कागदांत होतं.

"मागचं बघून पुढचं लिहायचं, दुसरं काय!" दप्तरदार हसला. "आमच्याकडे मेलेली माणसं अशीच जगतात, ताई."

तिलाही तसंच वाटलं. पण नक्कल असती तर शब्द तेच असते. दुसऱ्या कागदात 'खोली व जिन्याचा वापर' होतं. चौथ्यात 'खोली, जिना व नळाचं पाणी'. आणि बावीस वर्षांपूर्वीच्या कागदात, 'खोली, जिना, पाणी व विजेचा एक दिवा. वाचून दाखवले, बाईंस मान्य.'

प्रत्येक कागदाच्या तळाशी बाईंच्या डाव्या अंगठ्याचा ठसा होता, मधोमध तिरका व्रण असलेला. तिने पिशवीतून ट्रेसिंग पेपर काढला. पहिला ठसा गिरवला आणि पाचव्यावर ठेवला. रेघ केसभरही सरकली नाही.

दप्तरदाराचं हसू मावळलं. त्याने घाईघाईने गठ्ठा बांधला.

त्या घराखाली आता चष्म्याचं दुकान होतं. मालक सत्तरीचा, स्वतःचा चष्मा कपाळावर चढवून दुसऱ्याचा शोधणारा. तिने आपण कोण ते सांगितलं, तसा तो स्टुलावरून उठलाच.

"म्हणजे रक्ताच्या नात्यातल्या? अहो, आम्ही किती वर्षं वाट बघतोय!" त्याने आत हाक मारली. बायको हात पुसत आली.

"वरच्या खोलीचा त्रास होतो का?" फूटपट्टीने विचारलं.

"त्रास कसला?" बायको म्हणाली. "मी घरात एकटी असले की उलट बरं वाटतं. पण आता यांचे गुडघे गेले. मुलगा बोलावतोय. घराला गिऱ्हाईक येतं, कागद वाचतं आणि पायाला पाय लावून पळतं."

चष्मेवाल्याने खणातून एक अर्ज काढला. सदर बाई मयत असल्याचं नातेवाइकाने लिहून द्यायचं होतं, बस. कागद इतक्यांदा उघडला होता की घडीवर फाटायला आला होता.

"आधी खोली बघते," ती म्हणाली.

जिना अरुंद. बारा पायऱ्या. खोली दहा बाय आठ, खिडकी एक. ऊन केव्हाच पलीकडच्या घराच्या भिंतीवर गेलं होतं. जमीन झाडलेली. खाटेवर घडी न घातलेलं पांघरूण. सवयीने तिने मोजपट्टी काढली, खाटेपाशी वाकली, आणि आधारासाठी पांघरुणावर हात टेकला.

पांघरूण उबदार होतं.

तिने हात तिथेच ठेवला. काढावासा वाटला नाही, याचंच तिला नवल वाटलं.

"कुणाची गं तू?"

आवाज म्हातारा होता, पण थकलेला नव्हता. कोपऱ्यातून आला की भिंतीतून, ते तिला सांगता आलं नसतं. तिने मागे पाहिलं नाही. अठ्ठावन्न वर्षांत तिला कुणी हे असं, आपलं माणूस विचारतं तसं, विचारलं नव्हतं.

तिने सांगितलं. आईचं नाव, आईच्या जन्मदात्याचं, त्याच्या वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं. पाठ झालेलं होतं. शेवटच्या नावाला खोलीत कुणीतरी हळूच श्वास सोडला.

"माझ्या धाकट्याची," आवाज म्हणाला. "नाक तेच आहे."

तिचे डोळे भरून आले. खाली तो अर्ज पडला होता, आणि त्यावर 'मयत' लिहायला तिचा हात उठणार नव्हता. खालची दोघं म्हातारी अडकून पडली होती, हेही खरं. विचार पुरता होण्याआधीच ती बोलून गेली, "आजी, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. आईची. तुमची मर्जी असेल तर चला."

तिने मोजपट्टी गुंडाळून पिशवीत टाकली.

खाली येऊन तिने अर्ज परत केला. "मेल्या म्हणून लिहिता येणार नाही मला. चुकीचं होईल." चष्मेवाल्याने मान हलवली. जणू त्याला हे आधीच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा फोन आला.

"ताई, खोली गार पडली हो." ती रडत होती. "पायऱ्या चढल्याबरोबर कळलं. घर नुसतं घर झालंय. तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

फूटपट्टीने फोन ठेवला. आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ते लोटल्याचं तिला आठवत नव्हतं. आत खाट करकरली, कुणी कूस बदलावी तशी.

तिला भीती वाटली नाही. घरात माणूस असल्यासारखं वाटलं. तिने दोन कप चहा टाकला आणि एक नेऊन दारापाशी ठेवला, दुसरा हातात.

"आजी, चहा."

"असू दे तिथे." आवाज प्रसन्न होता. "खोली छान आहे गं. वारा येतो."

"हवं तितके दिवस राहा."

"राहते ना." आत खाट पुन्हा करकरली. मग सहज, चौकशी केल्यासारखं, "तुझ्यामागे या घराला कोण आहे?"

ती दारात उभी राहिली. हातातल्या कपावर साय धरली.

आतून, कसलीच घाई नसलेल्या आवाजात, तोच प्रश्न पुन्हा आला.